लाल सॉसचं ताट: गल्लीतल्या इटालियन रेस्टॉरंटची गोष्ट

आजचा भाग खाण्याबद्दल आहे, त्यामुळे शक्यतो जेवून ऐका. उपाशीपोटी ऐकलात तर पुढची जबाबदारी माझी नाही.

एक चित्र डोळ्यासमोर आणा. हॉलिवूडच्या सिनेमांत तुम्ही ते शंभर वेळा पाहिलं असेल. अमेरिकेतल्या एखाद्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं छोटंसं इटालियन रेस्टॉरंट. टेबलावर लाल-पांढऱ्या चौकटींचं कापड. गवताच्या विणीत बसवलेली वाईनची रिकामी बाटली, तिच्या तोंडात मेणबत्ती खोचलेली. भिंतीवर व्हेसुव्हियस ज्वालामुखीचं चित्र. मालक गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो. आणि ताटात काय? स्पगेटीचा ढीग, त्यावर लाल सॉस आणि त्यावर चांगले लिंबाएवढे खिम्याचे गोळे.

आता गंमत बघा. हेच ताट तुम्ही रोममध्ये किंवा नेपल्समध्ये शोधायला गेलात, तर टुरिस्टांसाठी थाटलेली हॉटेलं सोडून ते सहसा मिळणार नाही. खिम्याचे गोळे इटलीत आहेत, पण ते वेगळ्या ताटलीत येतात, पास्ता संपल्यावर. अब्रुत्सो नावाच्या भागात पास्त्यात गोळे घालतात, पण ते हरभऱ्याएवढे. लिंबाएवढे गोळे आणि खाली स्पगेटी, हा प्रकार तयार झाला अमेरिकेत.

मग लोक म्हणतात, ‘म्हणजे ते खोटं इटालियन!’ हल्ली रील्सवर हा वाद रोज चालतो. अमुक ऑथेंटिक, तमुक नाही. पास्ता तोडला म्हणून कोणी रडतंय, क्रीम घातलं म्हणून कोणी शिव्या देतंय. मला या वादात एक गोष्ट खटकते. ते ताट ज्यांनी तयार केलं, त्या माणसांचा त्यात कुठेच उल्लेख नसतो. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

दळणावर कर

सुरुवात करू 1861 पासून. त्या वर्षी इटली एक देश झाला. त्याआधी ती वेगवेगळ्या राज्यांत विभागलेली होती. देश एक झाला, झेंडा आला, राजा आला. पण दक्षिणेतल्या शेतमजुराच्या वाट्याला काय आलं? कर. 1869 पासून सरकारने दळणावर कर लावला. म्हणजे गिरणीत धान्य दळायला नेलं की पैसे मोजा. लोकांनी दंगे केले, लष्कर आणावं लागलं. हा कर पूर्णपणे जायला 1884 उजाडलं.

त्याच काळात, 1877 ते 1885 दरम्यान, इटलीच्या संसदेने शेतीची एक मोठी चौकशी केली. याचिनी चौकशी म्हणतात तिला. तिच्या खंडांमधून गावोगावची हलाखी कागदावर आली. गव्हाची शेती करणाऱ्याच्या घरात गहू नाही. रोजचं जेवण म्हणजे हलक्या धान्याची जाड पाव-भाकर, कडधान्यं, कांदा, रानातली भाजी. उत्तरेत तर मक्याचं पिठलं, म्हणजे पोलेंता, तीन्ही त्रिकाळ. नुसत्या मक्यावर जगल्याने तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता.

नेपल्ससारख्या शहरात मात्र चित्र वेगळं होतं. तिथे रस्त्यावर कढया ठेवून मॅकरोनी विकायचे, वरून किसलेलं चीज टाकायचे आणि लोक ती हाताने, मान वर करून खायचे. पण खेड्यातल्या गरिबाला विकतचा पास्ता म्हणजे सणासुदीची गोष्ट. आणि मांस? ते वर्षातून मोजक्या वेळा.

आणि टोमॅटो? तो तर मुळात इटलीचा नाहीच. तो आला अमेरिका खंडातून. 1544 मध्ये मात्तिओली नावाच्या वैद्य-वनस्पतीतज्ज्ञाने त्याचा उल्लेख केला. टोमॅटोच्या सॉसची कृती छापून यायला 1690 चं दशक उजाडलं. अंतोनियो लातिनी या नेपल्समधल्या कारभाऱ्याने ती दिली आणि तिला नाव दिलं ‘स्पॅनिश पद्धतीची’! शेवया आणि टोमॅटो यांची जोडी तर इप्पोलितो काव्हालकांतीच्या 1839 च्या पुस्तकात सापडते. म्हणजे ज्या जोडीला आपण ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून बघतो, ती त्या मानाने बरीच नवी आहे.

रविवारचं ताट

1880 ते 1920 या चाळीस वर्षांत सुमारे 40 लाख इटालियन माणसं अमेरिकेत गेली. त्यातली बहुसंख्य दक्षिणेची. नेपल्सचा मुलूख, सिसिली, कालाब्रिया. सुरुवातीला बहुतेक एकटे पुरुष. रेल्वेचे रूळ टाकायचे, गटारं खणायची, न्यू यॉर्कचा भुयारी रेल्वेमार्ग खणायचा, अशी अंगमेहनतीची कामं. पैसे साठवायचे आणि घरी पाठवायचे. कित्येक जण काही वर्षांनी परतही गेले.

आता एकटा पुरुष जेवणार कुठे? तर अशा वस्तीत एखादं कुटुंब असायचं, त्यांच्या दोन खोल्यांत चार-सहा पाहुणे मजूर राहायचे. त्या घरातली बाई सगळ्यांचं रांधायची, कपडे धुवायची आणि महिन्याला पैसे घ्यायची.

हे ऐकताना तुम्हाला काही आठवलं का? मला तरी लगेच गिरणगाव आठवलं. कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेले एकटे पुरुष आणि त्यांना महिन्याच्या हिशोबाने जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका. त्याच बायकांची पुढे 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी राहिली. न्यू यॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटचा आणि लालबाग-परळचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण गाव सोडून आलेल्या एकट्या कामगाराची भूक दोन्हीकडे सारखीच होती, आणि ती भागवणारी बाईही. गल्लीतल्या इटालियन रेस्टॉरंटचं एक मूळ या खानावळीत आहे. आधी घरातलं टेबल, मग पुढच्या खोलीत आणखी दोन टेबलं, मग दारावर पाटी.

आता ताटात काय बदललं ते बघू. अमेरिकेत मांस स्वस्त होतं. मजुरी कमी असली, तरी गावच्या मानाने हातात पैसा होता. ज्या घरात सणाला मांस शिजायचं, तिथे आता दर रविवारी शिजायला लागलं. मग त्या बाईने काय केलं? गावाकडे जे दोन वेगळ्या सणांना मिळालं असतं, ते दोन्ही एकाच ताटात वाढलं. खाली पास्ता, वर खिम्याचे गोळे. आणि गोळे छोटे कशाला करायचे? मोठेच करू!

असंच एक उदाहरण वांग्याचं. दक्षिण इटलीत वांग्याच्या चकत्या तळून, टोमॅटो आणि चीजचे थर देऊन भाजतात. ती ‘पार्मिजाना’. अमेरिकेत त्याच कृतीत वांग्याच्या जागी वासराचं मांस आलं, मग चिकन आलं. आज जगभर मिळणारं चिकन पार्मेजान ते हेच. गरिबीत मांसाची जागा वांग्याने भरून काढलेली असते. बरे दिवस आले, आणि मांसाने आपली जागा परत घेतली.

अजून एक. गावाकडे ही माणसं स्वतःला ‘इटालियन’ म्हणत नव्हती. कोणी नापोलीवाला, कोणी सिसिलीवाला. न्यू यॉर्कमध्येसुद्धा मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे लोक आणि एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीकडचे, अशा वाटण्या होत्या. पण बाहेरच्या अमेरिकन माणसाला हे सगळे एकच दिसायचे. शेजारी राहता राहता, एकाच दुकानातून ऑलिव्ह तेल आणि टोमॅटोचे डबे घेता घेता, त्यांच्या चुलीही एकमेकांत मिसळल्या. एका अर्थाने ‘इटालियन जेवण’ ही कल्पना इटलीबाहेर, या गल्ल्यांतही घडत होती.

लसणाचा वास

1891 हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये पेल्लेग्रिनो आर्तुझी या गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने एक पाककृतींचं पुस्तक छापलं. आज इटालियन घरगुती स्वयंपाकाचं आद्य पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. आणि त्याच वर्षी, 14 मार्चला, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने तुरुंग फोडून 11 इटालियन माणसांना ठार मारलं. तिथल्या पोलिसप्रमुखाच्या खुनाचा आरोप काही इटालियनांवर होता. त्यांतल्या काही जणांवर खटला चालला आणि कोर्टाने कोणालाही दोषी ठरवलं नव्हतं. तरी जमाव आला.

त्या काळात इटालियन माणूस म्हणजे घाणेरडा, भडक डोक्याचा, चाकू चालवणारा, अशी ठरलेली प्रतिमा होती. आणि लसूण! लसणाचा वास ही चक्क शिवी होती. वस्तीत सुधारणा करायला येणाऱ्या समाजसेविका, आहारतज्ज्ञ यांना हे जेवण पटत नव्हतं. सगळं एकत्र शिजवता, मसाले घालता, हे पचायला जड. भाजीपाल्यावर एवढा पैसा कशाला? त्यापेक्षा दूध प्या, ओटची लापशी खा. आज हे ऐकून हसू येतं. पण व्हिटॅमिन हा शब्दच 1912 चा आहे. तोपर्यंत हिरव्या भाजीत पाण्याशिवाय फार काही नाही, असं तेव्हाच्या शास्त्रालाही वाटत होतं. शास्त्राच्या नावाखाली परक्या चुलीला नावं ठेवणं सोपं होतं.

ज्या घरातल्या मुलांना शाळेत डब्यावरून चिडवतात, त्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही सुकट आणि बोंबिलाच्या वासावरून भाड्याचं घर नाकारलं जातं. तेव्हा ही फक्त अमेरिकेची गोष्ट समजू नका.

मग पहिलं महायुद्ध आलं. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली. सरकारने लोकांना सांगितलं, मांस वाचवा, सैन्याला लागणार आहे. त्यात इटली मित्रदेश. आता मासिकांतून कमी मांसात पोट भरणाऱ्या पास्त्याच्या कृती यायला लागल्या. काल जे पचायला जड होतं, ते आज देशसेवेचं जेवण झालं. पास्ता तोच होता, गरज बदलली होती.

कॉफीच्या कपातली वाईन

जानेवारी 1920 मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. ती डिसेंबर 1933 पर्यंत टिकली. आणि इथे आपल्या गल्लीतल्या रेस्टॉरंटला खरं वळण मिळालं.

कायद्यात एक पळवाट होती. घरच्या वापरासाठी फळांचा रस आंबवायला सूट होती. एका घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर! इटालियन घरांत वाईन जेवणाचाच भाग. कॅलिफोर्नियातून द्राक्षांच्या पेट्या रेल्वेने पूर्वेकडे यायच्या आणि तळघरात पिंपं भरायची. घरच्यासाठी केलेली वाईन घरातल्याच छोट्या खानावळीत गिऱ्हाइकाला दिली, तर ते बेकायदा. पण द्यायचे. कॉफीच्या कपात द्यायचे.

मोठमोठी हॉटेलं दारूच्या नफ्यावर चालायची, ती बंद पडायला लागली. आणि दुसरीकडे चित्रकार, लेखक, नाटकवाले, कॉलेजची पोरं, कारकून, असे सगळे इटालियन वस्तीतल्या तळघरांत आणि पुढच्या खोल्यांत यायला लागले. स्वस्तात पोटभर स्पगेटी आणि कपात लाल ‘कॉफी’. ज्या गल्लीत यायला कालपर्यंत नाकं मुरडत होते, तिथे आता रांगा.

नुसतं खायला घालून भागत नाही, हे मालकांच्या लक्षात आलं. गिऱ्हाइकाला इटलीला गेल्यासारखं वाटलं पाहिजे. मग भिंतीवर व्हेसुव्हियस आला, नेपल्सचा समुद्र आला, कियांतीच्या बाटल्या टांगल्या गेल्या, मेंडोलिन वाजायला लागलं. ज्या मालकाने उपासमारीला कंटाळून गाव सोडलं होतं, तोच आता गिऱ्हाइकाला त्या गावाचं गोड चित्र विकत होता. मला हा या गोष्टीतला सगळ्यात कडू-गोड भाग वाटतो. त्यात फसवणूक नव्हती. पोट भरायचं होतं आणि स्वीकार हवा होता, दोन्ही एकाच टेबलावर.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. 1907 या एका वर्षात अमेरिकेत पावणेतीन लाखांहून जास्त इटालियन आले होते. 1924 मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि इटलीचा वर्षाचा कोटा ठरवला 3,845. लाखांवरून हजारांवर! स्पगेटी आवडायला लागली होती, पण ती करणारी आणखी माणसं नको होती.

त्याच दशकात क्लीव्हलंडमध्ये एत्तोरे बोयार्दी नावाच्या, पियाचेन्झाहून आलेल्या आचाऱ्याचं रेस्टॉरंट चालत होतं. गिऱ्हाइकांना त्याचा सॉस इतका आवडायचा, की तो दुधाच्या बाटल्यांत भरून घरी न्यायला द्यायचा. त्यातून 1928 मध्ये कारखाना निघाला. फक्त एक अडचण होती, त्याचं आडनाव अमेरिकन लोकांना उच्चारता येईना. मग त्याने डब्यावर तेच नाव सोपं करून, तोडून तोडून लिहिलं: बॉय-आर-डी. सॉस तोच ठेवला, नाव मात्र गिऱ्हाइकाच्या जिभेला सोपं करावं लागलं.

वडील, मुलगा आणि बंदर

आता एक प्रसंग, ज्यासाठी मी हा भाग करायला घेतला.

जो डिमॅजिओ हे नाव बेसबॉल न बघणाऱ्यांनीही ऐकलेलं असतं. आपल्याकडे सचिनला जो मान, तसा तिकडे त्याला. 1941 च्या मोसमात त्याने सलग 56 सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारला. हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. त्याचे वडील ज्युझेप्पे सिसिलीतून आलेले कोळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत त्यांनी आयुष्यभर मासेमारी केली. मुलगा प्रसिद्ध झाल्यावर त्याच शहरात, फिशरमन्स वॉर्फ या मच्छीमारांच्या धक्क्यावर, डिमॅजिओ कुटुंबाने 1937 मध्ये रेस्टॉरंट काढलं.

डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका आणि इटली युद्धात समोरासमोर आले. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं नव्हतं, असे सुमारे सहा लाख इटालियन रातोरात ‘शत्रुदेशाचे परके नागरिक’ ठरले. त्यांना फोटो असलेलं ओळखपत्र जवळ बाळगावं लागे, प्रवासावर बंधनं आली. किनाऱ्याजवळच्या मनाई केलेल्या भागांतून हजारो जणांना घरं सोडावी लागली. काहीशे जणांना नजरकैदेत ठेवलं.

ज्युझेप्पेही त्या सहा लाखांत होते. त्यांना खाडीत मासेमारीला बंदी झाली. बंदराचा भाग मनाईचा, म्हणून धक्क्यावर जायलाही बंदी. म्हणजे ज्या देशाने मुलाला डोक्यावर घेतलं, त्याच देशात बापाला मुलाच्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसता येत नव्हतं. त्याच काळात इटालियन जेवणाला मात्र कुठलीच मनाई नव्हती. बोयार्दीचा कारखाना तर सैन्यासाठी अन्नाचे डबे भरत होता.

ऑक्टोबर 1942 मध्ये इटालियनांवरचा हा शिक्का काढला गेला. 1943 मध्ये जो स्वतः सैन्यात दाखल झाला. आणि झालं ते अन्यायाचं होतं, हे अमेरिकेने कायद्याने मान्य करायला 2000 साल उजाडलं.

आणि मग आपल्याकडे

युद्धानंतर चित्र झपाट्याने पालटलं. इटालियन कुटुंबं वस्त्या सोडून उपनगरांत गेली आणि त्यांच्यामागे रेस्टॉरंटंही गेली. पिझ्झा घराघरांत पोचला. 1982 मध्ये ऑर्लँडोत ऑलिव्ह गार्डनची पहिली शाखा उघडली. ‘घरच्यासारखं इटालियन जेवण’ विकणारी ही साखळी काढली होती जनरल मिल्स या नाश्त्याचं सिरियल आणि पीठ विकणाऱ्या बड्या अमेरिकन कंपनीने. खानावळवालीच्या टेबलाचा आता मार्केटिंगचा फॉर्म्युला झाला होता.

हाच अमेरिकेतून फिरून आलेला इटालियन स्वाद भारतात मोठ्या प्रमाणावर पोचला. डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोन्ही अमेरिकन कंपन्या 1996 मध्ये भारतात आल्या. आणि आपण काय केलं? तेच, जे त्या मजुराच्या बायकोने केलं होतं. हातात जे आहे, जिभेला जे आवडतं, ते घातलं. आज पुण्यात, नाशिकमध्ये, कोल्हापुरात कुठल्याही कॅफेत जा. पास्ता तीन रंगांत मिळतो: रेड सॉस, व्हाइट सॉस, पिंक सॉस. त्यातला व्हाइट सॉस बहुतेक ठिकाणी मैदा, लोणी आणि दूध यांचा. सोबत मका, सिमला मिरची, वर चिली फ्लेक्स. कांदा-लसूण नको असेल तर जैन पास्तासुद्धा. गंमत म्हणजे त्यातला मका, मिरची आणि टोमॅटो हे तिघंही मुळात अमेरिका खंडातले. प्रत्येक जण जगाला एक फेरी मारून त्या वाडग्यात आलाय.

हे ‘ऑथेंटिक’ आहे का? नाही. पण मला वाटतं प्रश्नच अपुरा आहे. कृती कुठल्या पुस्तकाबरहुकूम आहे हे विचारायला हरकत नाही, चांगला आचारी विचारतोच. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात. हे पहिल्यांदा कोणी शिजवलं? आणि तेव्हा त्याच्या घरात काय कमी होतं? स्पगेटीवरच्या त्या लिंबाएवढ्या गोळ्यांचं उत्तर साधं आहे. ज्या बाईने ते वळले, तिच्या आईला तेवढं मांस एका वेळी कधी बघायलाही मिळालं नव्हतं. मग आकार मोठा का, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि दुसरं म्हणजे, एखाद्याचं जेवण आवडलं म्हणजे तो माणूस आवडला, असं होत नाही. 1924 चा कोटा आणि ज्युझेप्पेंवरची बंदी, दोन्ही वेळा लोक स्पगेटी मिटक्या मारत खात होते. आपल्या शहरातही मोमो विकणारा, पाणीपुरीवाला, बिर्याणीचा आचारी यांच्या हातचं आपण रांग लावून खातो. त्यांना घर भाड्याने देताना, त्यांच्या भाषेवर विनोद करताना आपण कसे वागतो, ते ज्याचं त्याने बघावं.

तुमच्या गल्लीत एखादं जुनं खाण्याचं ठिकाण असेल, उडुपी, इराणी, खानावळ, चायनीजची गाडी, तर एकदा गर्दी नसताना मालकाशी बोला. ‘काका, तुम्ही इथे कधी आलात? आधी काय करत होतात?’ एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर मला नक्की कळवा, त्यावर एक भाग करू.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. तोवर पोटभर जेवा, आणि वाढणाऱ्याला नाव विचारा!